फोटोत लताचे पाय दिसत नाही म्हनून

माह्या लेकीचे पाय उघडे करून फोटो आना म्हनते! लाज नाही वाटत?

मराठी मंडळातल्या बायांनो, आता रामराम. माह्या लताले लहानपनापासून चालता येत नाही. आज तिच्या दिव्यांग पेन्शनचा फॉर्म घेऊन मी हपिसात गेली होती. फोटो नातीनं काढला, पन लताले नवं पातळ म्या नेसवलं, निऱ्या पार पावलापर्यंत. सरकारी कागदावर बाई काय गबाळी जाईन?

खिडकीवरचा बाबू फोटो पाहून म्हने, "अम्मा, ये तो भली-चंगी दिख रही है. पैर दिखना चाहिए."

म्या म्हनलं, "चाल माह्या घरी, कैंप-एकले. तिले उभी करून दाखव, मंग मीच फॉर्म फाडीन."

त्यानं फॉर्म वापस सरकवला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो आई, डबा खाल्ला." चांगल्या मराठीत!

घरी लता म्हने, "आई, काढ तसाच फोटो." सख्ख्या भावापुढंही पायावरचं पांघरून न सरकवनारी पोरगी!

बाकीच्यांनी हात जोडलेले चित्रं टाकू नोका. या हिंदी गावात मराठी घरं मोजकीच; जिनं आज दुपारी लेकाले डब्याचं इचारलं, ती याच ग्रुपात असन. बाई, तूच उत्तर दे.