ज्याचं तिकीट त्याचं घर

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला शहात्तरावं लागलं होतं, तेव्हा मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. सात दिवस मोठ्या जहाजावर होतो. चार देशांची जुनी जुनी बंदरं पाहिली. गावात लोक अजून विचारतात, काय पाहिलं हो तिकडे? मी सांगतो, एवढ्या अन्नात एक माणूस उपाशी बसलेला पाहिला. लोकांना वाटतं, म्हातारा चिडून बोलतो. चिडूनच बोलतो.

तो माणूस माझा इवाई, म्हणजे व्याही. तुळशीरामजी त्याचं नाव. घाटंजीकडचा कापूसवाला, मी आर्णीकडचा. त्याची अर्चना माझ्या प्रमोदला दिलेली. आता तो नाही. मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे, पण मी चौथी शिकलेला, मला ती रीत कोणी शिकवली नाही. इतका हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी स्वतः काही कमी नाही.

आमच्याकडे एक जुनी चाल होती. लेकीच्या पोटी पोर झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता कोण पाळतो? माझ्या लेकीकडे मी पहिल्याच दिवाळीला जेवून आलो, वरून शिदोरीही बांधून आणली. तुळशीरामजीनं मात्र पाळली. आणि अर्चनाला पोर झालं नाही. एक वर्ष गेलं, चार गेली, चौदा गेली. लेक माझ्या घरी असो नाहीतर नवऱ्याच्या नोकरीच्या गावी, तो संक्रांतीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्याकडे यायचाच. यायचा, ओट्यावर बसायचा, फडकं सोडायचा, भाकर काढायचा. कांदा ओट्याच्या दगडावर ठेवून एका बुक्कीत फोडायचा. पाणी प्यायला मारुतीजवळच्या बोअरिंगवर जायचा. माझ्या घरात दोन माठ भरलेले असत.

शेजारचा बबन मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणायचा, "काय हो, इवायाले पानीबी पाजत नाही काय घरचं?"

मी आतून जळायचो. म्हणायचो, "इवाई, पुरे झालं आता. घरात या. जग कुठं गेलं!"

तो मिशीवरचा ठेच्याचा कण पुसायचा आणि म्हणायचा, "घाई कायची हाय? पाहू ना. एखाद्या दिवशी येतो अन् दोन ताटं जेवतो."

हे त्याचं ठरलेलं बोलणं. पाऊस लांबला, घाई कायची हाय. कापसाला भाव नाही, ठेवू घरात, घाई कायची हाय. पण इथे भाव पडलेला होता तो त्याच्या लेकीचा, हे त्याला दिसत नव्हतं. तो ओट्यावर भाकर खायचा आणि सारं गाव तिच्या पोटाकडे पाहायचं. बोलायची गरजच नव्हती कोणाला.

पुढे प्रमोद आणि अर्चना जर्मनीला गेले. तिथल्या दवाखान्यात उपचार चालू आहेत एवढं आम्हाला माहीत. मग एकदा अर्चनाचा मला फोन आला. "मामाजी, बाबांना घेऊन या. आपण चौघं जहाजानं फिरू. आरामात, बंदरं पाहत. जहाज काही माझं घर नाही ना? तिथं तरी ते माझ्या शेजारी बसून जेवतील."

पोरीनं किती रात्री विचार केला असेल या एका वाक्यासाठी! मी तुळशीरामजीला आणायचं कबूल केलं. तो लगेच तयार झाला. लेकीला पाहिलं नव्हतं दोन वर्षं.

बार्सिलोनाला जहाजात चढताना तपासणी होती. त्याच्या पिशवीतून दशम्या निघाल्या, तिळाची चटणी, सातूचं पीठ, शेंगदाण्याचे लाडू. घरचं अन्न चालत नाही म्हणून तिथल्या बाईनं सारं एका डब्यात टाकून दिलं. बंडीच्या खिशात फुटाणे आणि गूळ होता, तो तेवढा राहिला. तेव्हाच मला कळलं की हा माणूस इथंही जेवणार नाही. सात दिवसांची शिदोरी घेऊनच निघाला होता तो.

रात्री जेवायला बसलो. काचेचं छत, पांढरे हातरुमाल, खाण्याचे इतके प्रकार की नावं विचारायची लाज वाटावी. अर्चनानं त्याचं ताट स्वतः वाढून आणलं. तो हात मांडीवर ठेवून बसला.

"बाबा, हे माझं घर नाही. पाहा ना, हजारो लोक आहेत इथं."

"तिकीट कोनं काढलं?"

"आम्ही."

"मंग? ज्याचं तिकीट त्याचं घर."

मला राहवलं नाही. "अहो, एसटीत तुमचं तिकीट मी काढलं तं एसटी माही झाली काय?"

"एसटीत कोनी जेवाले वाढते काय?" तो म्हणाला.

प्रमोद हसला. मी हसलो नाही. अर्चनानं ते ताट परत नेलं, तसंच भरलेलं. वाढणाऱ्या पोरांना वाटलं, म्हाताऱ्याला अन्न आवडलं नाही. त्यांनी मुख्य स्वयंपाक्याला बोलावलं. उंच पांढरी टोपी घातलेला दांडगा माणूस, हात बांधून उभा राहिला, काय चुकलं विचारायला लागला. तुळशीरामजीनं उठून त्याला नमस्कार केला. "अन्नाले नाव नाही ठेवत, दादा. लेकीचं घर हाय." प्रमोदनं त्याला इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे. तो टोपीवाला अर्चनाकडे पाहत राहिला. सात समुद्रांपलीकडच्या माणसानंही शेवटी तिच्याकडेच पाहिलं.

जमिनीवर मात्र तुळशीरामजी खायचा. बंदर म्हणजे कोणाचं घर नाही, असा त्याचा हिशेब. त्यामुळे जहाज लागलं की हा सगळ्यांत आधी खाली. दोरी बांधून होत नाही तोच जिन्याशी उभा. झेंडी घेऊन आम्हाला गाव दाखवणारी बाई त्याच्यावर खूश. तिला वाटे, या काकांना इतिहासाची फार आवड. इतिहास कसला, भुकेनं आतडी गोळा झालेली असायची त्याची. घरून बदलून आणलेल्या स्वतःच्या पैशांनी पाव घ्यायचा, टमाटर घ्यायचा, कांदा घ्यायचा, आणि धक्क्याच्या पायरीवर मांडी घालून बसायचा.

मार्सेलला त्या बाईनं सांगितलं, इथं अडीच हजार वर्षांपासून जहाजं लागतात. त्यानं कांद्यावर बुक्की मारली. दोन गोऱ्या बायांनी त्याचा फोटो काढला. मला म्हणाला, "ऐकलं काय, इवाई? अडीच हजार वर्षं! अन् तुम्ही माहे चौदा वर्षं घेऊन बसले. घाई कायची हाय?"

जिनोआला बंदरावरच लांबलचक जुनी कोठारं होती. प्रमोद म्हणाला, ही कापसाची. दूरदूरच्या देशांतला कापूस इथं उतरायचा. आता आत सभा आणि नाटकं होतात. तुळशीरामजीनं भिंतीला हात लावला, आपल्या जिनिंगच्या भिंतीला लावावा तसा. मग म्हणाला, "कापूस एवढ्या दूर आला तं त्याले ठेवाले जागा भेटली. मी आलो तं पायरीवर जेवून राह्यलो."

"कोनं सांगतलं पायरीवर जेवाले?" मी म्हटलं. "वर लेक ताट घेऊन बसली हाय."

तो भिंतीला हात लावत पुढे गेला.

नेपल्सला आमचं भांडण झालं, भर रस्त्यात. अर्चनानं चौघांसाठी आइस्क्रीम आणलं होतं, उन्हाचं. तीन वाटली आणि चौथं त्याच्यापुढे धरलं. तो दुसरीकडे पाहायला लागला, किल्ल्याकडे. तिचे पैसे, म्हणून ते तिचंच घर. पोरगी हात पुढे करून उभी. आइस्क्रीम वितळून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, तरी हात खाली घेईना. तीही त्याचीच लेक.

मी ओरडलो, "माह्या पोराच्या कमाईले काय कीड लागली हाय काय? चौदा वर्षं माह्या ओट्यावर बसून माही इज्जत काढली, आता इथी बी?"

"तुमच्या पोराचा काही सवाल नाही, इवाई."

"मंग कोनाचा हाय?"

तो किल्ल्याकडे चालू लागला. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलणं सोडलं. माल्टाला पिवळ्या दगडांचं सुंदर गाव होतं म्हणतात. मी पाठ करून बसलो होतो. त्यानं दुसऱ्या दिवसासाठी पाव आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या, कारण दुसरा दिवस पूर्ण समुद्राचा होता, बंदर नव्हतं. जहाजाच्या दारात पहारेकऱ्यानं पिशवी काढून घेतली. फुटाणे केव्हाचे संपले होते.

त्या समुद्राच्या दिवशी तो सकाळपासून वरच्या मजल्यावर खुर्चीत बसून होता. भोवती लोक पोहत होते, हसत होते, अर्धं खाऊन ताटं सोडत होते. दुपारी तो उठला आणि जागेवरच कोसळला. टोपी घरंगळत पाण्याच्या हौदात गेली.

जहाजावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सलाईन लावायला हात धरला. याला तेवढ्यात शुद्ध आली. सुई पाहिली, बाटली पाहिली आणि हात ओढून घेतला. "हे बी लेकीच्या घरचंच पानी होय."

डॉक्टर प्रमोदकडे पाहायला लागला. मी पहिल्यांदा तुळशीरामजीला शिवी दिली, तोंडावर. अर्चनानं मला हातानं थांबवलं. ती खाटेशी खाली बसली.

"बाबा, आता वाट पाहू नका. होणार नाही. डॉक्टरनं मार्चमध्येच सांगितलं. सगळं करून पाहिलं आम्ही. हे सांगायचं होतं म्हणून तुम्हाला बोलावलं. आधी एकदा सोबत जेवू, मग सांगू, असं ठरवलं होतं मी. तुम्ही जेवलाच नाही."

प्रमोद जमिनीकडे पाहत होता. मी त्याचा बाप, मलाही हे तिथंच कळलं.

तुळशीरामजीनं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "पक्कं?"

"पक्कं."

"तुह्यावर राग नव्हता, माय," तो म्हणाला. "मले वाटे, मी जेवलो तं देव म्हनल, बापानंच आस सोडली, मंग मी कायले पाहू. म्हनून दाबून धरलं होतं." मग उठून बसला. "जाय. आन ताट."

ती वरण-भात घेऊन आली, लिंबाची फोड घेऊन. जहाजावर सारं मिळत होतं. खाली बसून तिनं भात कालवला आणि पहिला घास त्याच्या तोंडाशी नेला. तिथं तिचा हात थांबला. चौदा वर्षं जी पोरगी त्यानं खावं म्हणून झुरली, ती रडत म्हणाली, "नका खाऊ बाबा. अजून थोडे दिवस नका खाऊ."

त्यानं तिचं मनगट धरलं आणि तो घास स्वतःच ओढून तोंडात घेतला. मग ताट तिच्याकडून घेतलं. शितन् शीत खाल्लं. चव घेऊन नाही, औताचा बैल खातो तसं, खाली मान घालून. पाणी मागितलं, पेलाभर प्यायला. चौदा वर्षं मी या जेवणासाठी त्याच्याशी भांडलो होतो. मी जिंकलो म्हणायचं, आणि मला तिथं उभं राहवेना. मी दाराबाहेर जाऊन समुद्र पाहत बसलो. त्यात पाहण्यासारखं काही नसतं, नुसतं पाणी.

गावी आल्यावर तो दोनदा माझ्या घरी जेवला. आत, पाटावर. वाढलं ते खाल्लं, मीठ कमी की जास्त बोलला नाही. बबन ओट्यावरून वाकून पाहत होता, त्याला मी हाकलला. "घाई कायची हाय" हे मात्र त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. पुढच्या पोळ्याला, बैलांची पूजा करून, आडवा झाला तो उठला नाही. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं. मी म्हटलं, तो जहाजावरच संपला होता, मी नुसतं त्याला घरी आणलं.

पण त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. जहाज परत बार्सिलोनाला लागलं. रोज सगळ्यांत आधी उतरणारा तुळशीरामजी त्या दिवशी शेवटी राहिला. मी आधी उतरलो. धक्क्यापलीकडच्या दुकानात बोट दाखवून पाव घेतला, टमाटर घेतला, कांदा घेतला. अर्चनाचा हात धरून तो खाली आला तेव्हा मी पायरीवर फडकं पसरून बसलो होतो.

"या इवाई," मी म्हटलं. "बसा. दोन घास खाऊ."

त्यानं त्या पावाकडे पाहिलं. "तुमी खा. मी वरतून जेवून आलो, लेकीच्या घरून." दोन पावलं पुढे गेला, मग थांबला. "आता काय, कुठी बी जेवता येते."

ते तिघं गाडीकडे गेले. मी कांदा दगडावर ठेवला आणि बुक्की मारली. एका बुक्कीत फुटला नाही, दुसरी मारावी लागली. मग एकट्यानं तिथंच बसून तो कोरडा पाव संपवला.