पंच्याण्णव फूट, बिनजोड

अन्याय वरकुटे गावच्या विणकर आबांवर झाला. १९९६ सालच्या मार्गशीर्षात, दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, बारामतीतल्या एका मैदानावर, लाउडस्पीकरवरून. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण कार्यक्रमपत्रिका मी लिहिली होती आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत स्टेजच्या पायरीशी मीच उभा होतो. लाउडस्पीकरवरून वाचलं गेलेलं वाक्य असं होतं : "विणकराने लोकर कमी घातल्यामुळे घोंगडी अपुरी भरली आहे, कंपनी दिलगीर आहे." तो कागदही माझ्याच अक्षरातला होता.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. एस.टी.च्या पासासाठी, बंद पडलेल्या वाचनालयासाठी पत्रकं लिहायचो, वाटायचो, भिंतींना चिकटवायचो. चहा पावडरची एक कंपनी आमच्या भागात नवीन उतरत होती. तिचे प्रचाराचे साहेब पुण्याहून आले. छापखान्यात माझं एक पत्रक पडलेलं त्यांनी वाचलं आणि विचारलं, "हे कोण लिहितं? जोर आहे." मला बोलावणं आलं आणि मी फुगलो. खोटं कशाला बोलू?

साहेबांची कल्पना अशी. थंडीचे दिवस, चहा म्हणजे ऊब, आणि ऊब म्हणजे घोंगडी. म्हणून जगातली सर्वांत लांब घोंगडी विणायची, एकशे एक फूट, एका मागावर, मध्ये कुठंही जोड नाही. साक्षीदारांसमोर मोजायची, अर्ज विदेशात पाठवायचा, आणि विक्रमांच्या पुस्तकात कंपनीचं नाव. खाली विणकराचंही नाव.

"तुमचं नाव जगभर जाईल, आबा," साहेब वरकुट्याला येऊन म्हणाले.

आबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. वर न बघताच म्हणाले, "जगभर जाऊन काय करंल? इंदापूरच्या बाजारात गेलं तरी लई झालं."

तेवढ्यात त्यांची सून, मी त्यांना वहिनी म्हणतो, आतून बोलली, "बाजारात तर तुमाला अजून लोक मेंढक्याचा मुलगाच म्हणत्यात. छापून येऊ दे की एकदा."

आबा हसले आणि कबूल झाले. त्या कबुलीत काय होतं ते साहेबांना कळलं नाही. गावात मेंढ्या आता चार-दोन घरी उरल्यात. कालवा आला, ऊस आला, कळप गेले. ज्यांचे बाप रानोरान हिंडले ते आता कारखान्याचे सभासद आहेत. तरी आठ घरांनी आपापली लोकर आबांच्या ओसरीवर आणून टाकली. काहींनी तर शेवटची जपून ठेवलेली काळी लोकर दिली. बायांनी सूत काढलं. सगळं सूत सोसायटीच्या खताच्या काट्यावर भरलं, तेव्हा अडतीस किलो झालं, आणि वहिनींनी तो आकडा मागाशेजारच्या भिंतीवर कोळशानं लिहिला. दुसऱ्याची लोकर आपल्या घरात आली की तिचं वजन सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लिहायचं, ही त्या घराची जुनी पद्धत. लोकर ज्याची त्याची. विणकर फक्त राखणदार.

मग गल्लीभर ताणा लागला, म्हणजे घोंगडीचे उभे धागे. मागापासून निघून तीन घरांच्या अंगणांतून पार चिंचेच्या खोडापर्यंत. बायका घागरी घेऊन त्याच्याखालून वाकून जायच्या. एकदा शेजारच्या तात्यांची शेळी अडकली, तर आबा ओरडले, "तात्या, तुमच्या शेळीला सांगा, तिचं नाव न्हाय लिवायचं पुस्तकात!"

आबांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती. लोकरीची घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ, म्हणजे शिजवून केलेली चिकट पेज, द्यावी लागते, खळ दिली की ती आटते. म्हणून एकशे आठ फूट विणायची, मग आटून एकशे एक भरेल. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मी बघितलं लिहिताना.

पण कार्यक्रमाच्या पाहुण्यांना ठरलेली तारीख जमेना. कार्यक्रम आठ दिवस अलीकडं आला. साहेब भिगवणला मासे खाऊन जीपनं आले आणि म्हणाले, "आबा, एकशे एकला थांबा. खळ-बिळ राहू द्या. कच्चीच मोजू."

"कच्ची?" आबा म्हणाले.

"कुणाला कळतंय?"

तिथं मी बोलायला हवं होतं. मी जीपमध्ये बसून पत्रकाचा मजकूर दुरुस्त करत होतो.

त्या पत्रकात मी काय लिहिलं होतं ते आता वाचा : "चिंचोक्याची खळ दिलेली, अस्सल, एकशे एक फुटी घोंगडी." मला खळ हा शब्द आवडला होता, एवढंच. वाक्य भरल्यासारखं वाटत होतं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत हजारो पत्रकं वाटली. एक वरकुट्यालाही गेलं. वहिनींनी ते आबांना वाचून दाखवलं, दोनदा.

शुक्रवारी मी गेलो तर अंगणात चिंचोके शिजल्याचा वास. घोंगडी शाळेच्या मैदानावर पसरलेली, आबा आणि वहिनी दोन टोकांनी कुंच्यानं खळ फिरवत होते.

"आबा, हे काय केलं? साहेबांनी नको म्हटलं होतं."

आबांनी कमरेतून माझं पत्रक काढलं. घामानं मऊ झालेलं. "हितं छापलंय न्हवं? खळ दिलेली म्हणून? छापलंय म्हंजी द्यायला पायजे. उद्या लोक हात लावून बघत्याल."

"पण ती आटणार!"

"आटंल की. आटल्याबिगर घोंगडी हुती व्हय? पाच-सहा फूट जातील." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू लिवलंस ना? मग तू सायबाला सांग."

मी सांगितलं नाही. शनिवारभर मी फलक बांधत होतो, प्रत्येकावर हातभर मोठा एकशे एक, आणि प्रत्येक गाठ मारताना आता सांगू, जेवल्यावर सांगू, असं करत राहिलो.

रविवारी टेम्पोतून घोंगडी आली. आठ वाजता, पाहुण्यांच्या आधी, मापं. साक्षीदार म्हणून मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, शांत, कानावर पेन्सिल. आबांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. टेप सरकत गेली. मोजणीवाल्यांनी शेवटच्या टोकाशी गुडघा टेकला, आकडा वाचला, परत पहिल्या टोकाला जाऊन पुन्हा मोजलं.

"पंच्याण्णव."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मग ते माझ्याकडे वळले. "कार्यकर्ते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"खळ दिली," मी म्हणालो. "तुम्ही पंच्याण्णवच लिहा ना. आधी कुणी अशी मोजलेलीच नाही. पंच्याण्णवाचाही विक्रमच होईल."

"आणि फलकांवर काय आहे? पाकिटांवर काय आहे? हेड ऑफिसला काय कळवलंय?"

अर्ध्या तासात गावातून एक काळं गिरणीचं ब्लँकेट आणलं गेलं. शिंपी आला. सहा फुटांचा पट्टा शेवटी शिवला. लांबून खरंच ओळखू येत नव्हता. मोजणीवाल्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "विणकर 'जोड नाही' म्हणून अंगठा देत असेल तर मी लांबीवर सही करीन. लांबी तर आहेच." त्यांना वाटलं ते सुटले.

अर्ज आबांपुढे आला. शाईचा पॅड उघडा. स्टेजच्या मागं, कनातीच्या आत, आम्ही पाच माणसं. बाहेर बँड जमत होता. साहेब हळू बोलत होते, अगदी गोड. "आबा, अंगठा इथं. नाव छापून येईल. सूनबाईंना विचारा, त्यांचीच इच्छा होती."

आबांनी वहिनींकडे बघितलं. सगळा गाव तीन टेम्पो करून आला होता. नव्या टोप्या घालून. वहिनींचा पदर तोंडाशी.

मग वहिनी म्हणाल्या, "आबा, त्यो जोड आपला न्हाय."

"न्हाय," आबा म्हणाले. पॅडचं झाकण त्यांनी स्वतः लावलं. "पंच्याण्णव लिवा, आत्ता अंगठा देतो. दोन्ही हाताचं देतो."

साहेबांनी अर्ज घडी करून खिशात घातला. पाहुण्यांची गाडी फाटकात शिरत होती. त्यांनी मला कागद दिला. "लिहा. लोकर कमी घातली, म्हणून विक्रम आज होऊ शकत नाही."

"पण तसं झालेलं नाही."

"मग काय लिहायचं? कंपनीनं चूक केली? की तुमच्या पत्रकानं?"

मी लिहिलं. तुमच्या पत्रकानं, हे शब्द ऐकले आणि हात आपोआप चालला.

दहा वीसला ते वाचलं गेलं. टेम्पोतून आलेल्या आठ घरांची माणसं मान वळवून आबांकडे बघायला लागली. त्यांची लोकर होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती. मग साहेबांनी शिवलेला पट्टा उसवून टाकला आणि उरलेल्या घोंगडीला कात्री लावली. फूट-फूट रुंदीचे पट्टे, पंच्याण्णव. प्रत्येक दुकानदाराला, प्रत्येक पाहुण्याला चहाच्या पाकिटासोबत एक. "उबेची आठवण." ओळीनं माणसं येत होती, हसत होती, पट्टा गालाला लावून बघत होती. आबा शेवटपर्यंत उभे राहिले. कात्रीचा प्रत्येक आवाज त्यांनी ऐकला.

दोन वर्षं झाली. आबांच्या मागावर कुणी लोकर टाकत नाही. मेंढ्या कमी झाल्या म्हणून नाही. तीन घरी अजून आहेत, ती घोंगडीसाठी लांब सातारच्या बाजूला जातात. पाणवठ्यावर वहिनींना विचारतात, "आमची लोकर किती उरली गं?" आणि हसतात.

मी एकदा आबांना म्हणालो, मी पत्रक काढतो, सगळं खरं लिहितो. ते म्हणाले, "तुझ्या कागदानं न्हाय व्हायचं. कागदावर लोकांनी एकदा इस्वास ठिवला. घोंगडी आण. आटली ती लांबी, वजन न्हाय आटत."

भिंतीवर कोळशाचे अडतीस किलो अजून आहेत. वहिनी दर दिवाळीला भिंत सारवतात, तेवढा चौकोन सोडून. सोसायटीचा काटाही तिथंच आहे. खळीचं वजन किती धरायचं ते गावातली कुठलीही म्हातारी सांगेल. पंच्याण्णव पट्टे एकत्र काट्यावर ठेवले की बास.

मी दारोदार फिरलो. चौदा मिळाले. एक स्कूटरच्या सीटवर होता, एक टी.व्ही.खाली, एक न्हाणीच्या दाराशी पाय पुसायला. एका दुकानदारानं तर मला चहा पाजला, त्याच कंपनीचा, आणि पट्टा दिला नाही. "आठवण आहे," म्हणाला. कुणाची?

एक्क्याऐंशी बाकी आहेत. बारामती आणि इंदापुरातल्याच घरांत आहेत, याला मी साक्षी आहे, वाटताना मीच ओळ लावत होतो.

तुमच्या घरात काळ्या लोकरीचा फूटभर रुंद पट्टा असेल, दोन्ही कडा कात्रीनं कापलेल्या, हाताला खरखरीत, ओला झाला की चिंचोक्याचा वास येणारा, तर तो तुमचा नाही. आज उचला. धुऊ नका, झटकू नका. वरकुट्याला या, आबांच्या ओसरीवर तो स्वतःच्या हातानं ठेवा, आणि काट्यावर वजन होईपर्यंत थांबा.