ते आले, असं मी म्हनलं

माह्या माहेरच्या गावात वाघाले कोनी वाघ म्हनत नव्हतं. नाव घेतलं तं तो आयकते अन् येते, असं जुने लोक सांगत. म्हनून 'ते' म्हनाचं. ते काल नाल्यावर पानी पेले. ते मोहाखाली बसले होते. लहान लेकरूबी त्याईले अहो-जाहोच करे.

सासर माहं आरमोरीकडचं, धानाचं गाव. चौमेर बांध्या अन् गावाच्या मांगं बोडी, म्हनजे लहानसा तलाव. जंगल दूर. तिथी वाघाची गोठ निंघतच नव्हती, अन् निंघाली तं लोक सरळ वाघ म्हनत. तिथी बाईच्या तोंडी 'ते' म्हनजे एकच, तिचा नवरा. मी दोन बुकं शिकली होती, पन एकाच शब्दात इकडे नवरा बसते अन् तिकडे वाघ, हे मले कोनी शिकोलं नव्हतं.

स्वराज्य येऊन आठ-दहा वर्सं झाली असन. आमचा सारा मुलूख तवा चांदा जिल्ह्यातच होता. माह्या लगनाच्या पयल्याच साली धान पोचट झालं. दिवाळी झाली अन् माहा नवरा बांबू तोडाले गेला, दूर जंगलात. सासरा आधीच वारला होता. घरात मी अन् सासू, दोघीच. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत राबाचं अन् एक वक्त पेज प्याची, संगं मिर्ची. रडाले सवड नव्हती, म्हनून रडली नाई.

सासू मले सिद्धं बोलत नव्हती. जे बोलाचं ते कोंबडीले.

"काय वं कोंबडे, सूर्य डोक्यावर आला, अजून आंगन झाडलं नाई?"

कोंबडी दाने टिपे अन् मी खराटा उचलो.

"कोंबडे, तुह्या माहेरी पेजेत इतलं मीठ टाकतेत का वं?"

लेकी बोले सुने लागे म्हनतेत. आमच्या घरी लेक नव्हती, कोंबडी होती. मीबी तिच्याकडंच पाहून 'नाई जी' म्हनो.

संक्रांतीच्या मांगंपुढं जंगलाकडून आलेला एक मानूस सांगून गेला, "तिकडे ताप लय हाये. आपल्याइकडचे दोघं गेले." कोन दोघं, ते त्याले ठाव नव्हतं. त्या दिवसापासून सासू पेजेले नुसतं तोंड लावे अन् कोंबडीलेबी काई बोलेना. दिवस उतरला की उंबऱ्यावर बसाची, रस्त्याकडं पाहत.

एक दिवस सासू अशीच बसली होती. मी पान्याचा गुंड घेऊन बोडीवर गेली अन् पारीवर, म्हनजे बोडीच्या बांधावर, चढली तं समोरच्या काठाले वाघ. वाकून पानी पीत होता. माहेरी शिकोलं होतं, पाठ दाखवाची नाई. गुंड तिथंच ठेवला, मांगं मांगं सरकली, पारीच्या खाली उतरली, अन् मंग पळाली ते घरापर्यंत.

"आत्याबाई, ते आले! बोडीवर हायेत. पानी पिऊन राह्यले."

सासू ताडकन उठली. "आला? एकटाच हाये का?"

"एकटेच."

"वाळला असन वं."

"नाई. चांगले दांडगे हायेत."

"अन् तू तशीच पळून आली? बोललीबी नाई?"

"बोलू काय, आत्याबाई? पाठ नाई दाखोली, तितलंच."

पयल्यांदा सासू मले बोलत होती, कोंबडीले नाई. पन मले तवा त्याचंबी भान नव्हतं. सासू 'तो' म्हने, मले वाटलं इथले लोक त्याईले अरे-तुरे करत असतीन. तिनं भाकरीचा तुकडा घेतला, गडव्यात पानी घेतलं. दूर गावाहून मानूस आला की ओवाळून टाकतेत, तसं. मले वाटलं, इथी त्याईले असंच वाहाची रीत असन. माह्या माहेरीबी वाघाच्या देवाले वाहातेतच.

सासू निंघाली. डोक्यावरचा पदर पडला, तो तिनं घेतला नाई. पळता पळता म्हने, "आला माहा राजा, आला माहा बाप!"

वाघाले असं कोनी म्हनत नाई. तवा माह्या डोक्यात उजेड पडला.

मी मांगं पळाली. "आत्याबाई, थांबा! ते नाईत ते! ते दुसरे हायेत!"

शेजारचा बुढा दोर वळत बसला होता. तो हासला. "अवं, दुसरे कोन? तुहे कितीक हायेत वं?"

सासू पारीवर चढून राह्यली होती. 'वाघ' हा शब्द मी जलमात कधी तोंडातून काढला नव्हता. मंग सारा जीव लावून वरडली, "वाघ! आत्याबाई, वाघ!"

सासू पारीवर उभी राह्यली. बोडीच्या त्या काठाले तो मान वर करून तिच्याकडंच पाहे. किती वेळ ते सांगता येत नाई. मंग तो वळला अन् झुडपात गेला. सासू तिथंच खाली बसली, गडवा हातातच होता.

गाव जमा झालं, डबे वाजोले. मंग आमच्या आंगनात लोकाईले तोंड फुटलं.

"काय वं बाई, ही सून ठेवान तं एक दिवस वाघाले खाऊ घालन तुले."

"सासूले वाघाच्या तोंडी धाडली पोरीनं. देऊन या माहेरी."

मी भितीले टेकून उभी. सासूनं हो म्हनलं असतं तं दुसऱ्या दिवशी मले वाट धराची होती. माहेरी सावत्र माय, तिथी मले कोन ठेवत होतं?

सासूनं गडवा खाली ठेवला. मंग म्हनली, "आले म्हने. बोडीवर हायेत म्हने. पानी पिऊन राह्यले म्हने. यातला एक शब्द खोटा हाये का? सांगा."

सासूनं साऱ्याइकडं पाह्यलं.

"पोरगी खरंच बोलली. मले जे आयकाचं होतं ते मी आयकलं. कान माहे, चूक माही. जा आता घरी."

माहा नवरा शिमग्याच्या आधी आला. अंगात ताप, पोट खपाटीले, पन जिता आला. गावातून गोठ त्याईच्या कानावर जाईन, तिखट-मीठ लागून, हे सासूले ठाव होतं. ते पाय धूत होते तवाच तिनं सांगून टाकलं. "मी वाघाले ओवाळाले गेलती बापू, तू समजून. हिनं वरडून वाचोलं."

आमच्याइकडे घरच्या मानसाले उपकार झाले असं म्हनत नाईत. म्हनलं तं त्याले परकं केल्यावानी होते. म्हनून मीबी कधी म्हनलं नाई. त्या दिवशी सांजच्याले टोळीचं, म्हनजे मोहाच्या बियाचं, तेल घेऊन तिच्या पायापाशी बसली. तिनं पाय पुढं केले. मंग रोजच बसत गेली. म्हातारपनी तिले दिसत नव्हतं, तरी माहा हात लागला की सिद्धी मलेच म्हनाची, "हळू वं पोरी, पाय हाये माहा, वरवंटा नाई."