शेजारच्या बेडला मराठी कळत नाही

सिनेमाला नावं ठेवावीत तर महांतेशनं! निपाणीचा हा गडी दूर कानडी मुलखात हेब्बाळच्या एका डायलिसिस केंद्रात टेक्निशियन. वय चौतीस, लग्न ठरता ठरता दोनदा राहिलेलं, आणि दर रविवारी एक सिनेमा हा नेम. कन्नड, हिंदी, तेलुगू, जो लागला असेल तो. मराठी लागला, तर सकाळी नऊच्या एकुलत्या एका खेळालाही स्वारी हजर. मग मंगळवारी केंद्रात निकाल जाहीर व्हायचा.

"पाऊण तास नायक नुसता गॉगल पुसतोय, अण्णा. झोप मात्र झकास झाली."

अण्णा म्हणजे सुधींद्रराव. बनशंकरीतल्या जुन्या मराठी घरातले, बँकेतून निवृत्त झालेले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तास तिसऱ्या बेडवर. "सरी, पण गाणी कशी आहेत ते स्वल्प सांग की," असं त्यांचं कानडी मिसळलेलं मराठी. पडल्या पडल्या ते महांतेशशी वाद घालायचे, आणि चार तास कसे गेले ते कळायचं नाही.

त्या हॉलमध्ये डॉक्टर, सिस्टर, रोगी सगळे कन्नड नाहीतर इंग्रजी बोलणारे. मग काय, मराठीत दोघांच्या जिभेला हाड नसायचं. डॉक्टरांचा विग, सिस्टरचं भांडण, सगळं मोठ्यानं, बिनघोर. परमुलखातल्या मराठी माणसाची ही खोड जुनीच आहे. आपलं कुणाला कळत नाही असं तो धरूनच चालतो.

चौथ्या बेडवर याच दोन वारी महानंदम्मा यायच्या. देवनहळ्ळीहून, मुलाच्या गाडीतून. साठीच्या पुढच्या, काडी झालेल्या. महांतेश त्यांच्याशी कन्नडमध्ये बोले. "अम्मा, स्वल्प तडीरी," म्हणजे जरा थांबा, असं म्हणून सुई टोचे. त्या मान हलवत आणि डोळे मिटून घेत.

एका मंगळवारी त्यांच्या रक्तदाबाचं यंत्र तीनदा कोकललं. सुधींद्ररावांनी विचारलं, "त्या बाईंचं कसं आहे रे?"

महांतेश सिनेमाच्याच भरात होता. "उगाच लांबवलेला सिनेमा आहे, अण्णा. कुणीतरी उठून दिवे लावायला पाहिजेत. फार तर पंधरा दिवस."

सुधींद्ररावही हसले. हो, हसले. ते नाकारून चालायचं नाही.

चार तास संपले. महांतेशनं महानंदम्मांच्या हातातली सुई काढली, कापसाचा बोळा ठेवला आणि अंगठ्यानं दाबून धरला. दहा मिनिटं असं धरावं लागतं, नाहीतर रक्त थांबत नाही.

"जरा हळू दाब, बाळा," महानंदम्मा म्हणाल्या. मराठीत. स्वच्छ, आमच्या सीमाभागातल्या मराठीत.

महांतेशच्या तोंडचं पाणी पळालं. पळून जावंसं वाटलं, पण अंगठा उचलता येत नव्हता. दहा मिनिटं त्याला तो हात धरून तिथंच उभं राहावं लागलं.

"माझं माहेर कागवाड," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

शुक्रवारी चौथा बेड रिकामा. केंद्रानं फोन केला, तर मुलगा नागराज म्हणाला, आई यायलाच तयार नाही, काही केल्या ऐकत नाही. महांतेशला पुढचं सांगायची गरज नव्हती. डायलिसिस चुकवलेल्या माणसाचं काय होतं, हे तो रोज बघत होता. आपल्या एका वाक्यानं ही बाई मरणार, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

"मीपण हसलो," सुधींद्रराव म्हणाले. "तू एकटा नाहीस. जा, जाऊन ये."

शनिवारी ड्यूटी संपवून तो बसनं देवनहळ्ळीला गेला. द्राक्षाचे मळे मोडून पाडलेल्या प्लॉटांमधलं घर. महानंदम्मा पलंगावर होत्या. पायांवर सूज आली होती. महांतेश जमिनीवर बसला आणि मराठीत म्हणाला, "मावशी, माझ्या जिभेला आग लागो. मी बोललो ते खोटं होतं."

"खोटं कशाला असेल? माझ्या शरीराचं मला कळत नाही होय?" त्या थांबत थांबत बोलत होत्या. "पंधरा दिवस म्हणालास, त्याचा राग नाही मला. लग्न होऊन आले त्याला बेचाळीस वर्षं झाली. घरात सगळे कन्नड. आई गेली, भाऊ गेला, फोनवर मराठी बोलायलाही कुणी उरलं नाही. तीन महिने डोळे मिटून तुमचं दोघांचं ऐकत होते. मी तोंड उघडलं असतं, तर तुम्ही जपून बोलायला लागला असता. म्हणून गप्प राहिले. त्या दिवशी दुखलं आणि तोंडातून निघून गेलं."

महांतेश पलंगाजवळ सरकला, तशा त्या पुढे म्हणाल्या,

"आता तुम्ही माझ्यासमोर तसं बोलणार नाही. अहो अम्मा, जाहो अम्मा कराल. मग एवढ्या लांब येऊन सुया कशाला टोचून घेऊ?"

महांतेश रडला. धाय मोकलून रडला. दारात उभ्या नागराजला काही कळेना. महांतेशनं शब्द दिला की जिभेला आवर घालणार नाही, आणि तसलंच बोलेन. "तुम्ही या फक्त."

मंगळवारी त्या आल्या. महांतेशनं रविवारी एक भयंकर कौटुंबिक सिनेमा पाहिला होता. पण तो चौथ्या बेडकडे वळून अदबीनं म्हणाला, "मावशी, सासूचं काम चांगलं केलंय त्या बाईनं—"

"माझ्याकडे बघून नको," महानंदम्मांनी डोळे मिटले. "त्यांच्याशी बोल. मी नाही इथं."

तो सुधींद्ररावांकडे वळला. घसा खाकरून म्हणाला, "अण्णा, सासू म्हणजे निव्वळ आरडाओरडा. कानात बोटं घालून बसलो." सुधींद्रराव कसंबसं हसले आणि वाद घालू लागले. चौथ्या बेडवर ओठांचा कोपरा हलला.

त्या सहा आठवडे आल्या. महांतेश आता आठवड्याला दोन सिनेमे बघू लागला, म्हणजे शुक्रवारीही बोलायला काही असावं. शेवटच्या शुक्रवारी नागराजनं त्यांना उचलूनच आणलं. हाक मारली तरी ओ नव्हती. महांतेशनं सुया लावल्या, यंत्र सुरू केलं आणि पाठ फिरवून सिनेमाबद्दल बोलू लागला. नायिकेला नावं ठेवली, नायकाच्या मिशीला ठेवली, आवाज चढवून ठेवली.

तासाभरानं सुधींद्रराव हळूच म्हणाले, "महांतेश, त्यांना काही ऐकू येत नाहीये रे आता."

"मी तुमच्याशी बोलतोय, अण्णा," महांतेश म्हणाला. "तुम्ही वाद घाला."