ट्रंकेचा पत्रा

परवा नातू रेडिओच्या तुटलेल्या तारेला सोल्डरचा डाग देत होता. तापलेल्या राळेचा वास आला आणि मी पन्नासएक वर्षं मागं, संगमनेरच्या आमच्या खोलीत जाऊन पोचले.

नवीनच लग्न झालेलं. यांचा लग्नकार्यात लाउडस्पीकर लावायचा धंदा. मी राजूरहून, माहेरून परतले, तर वडिलांनी दिलेली माझी ट्रंक कापलेली! तिचा पत्रा वाकवून यांनी कप्प्याकप्प्यांची पेटी केली होती आणि प्रत्येक कप्प्यात माइकचा आवाज वाढवणारं एकेक सर्किट तसेच डाग देऊन बसवलं होतं. माझ्या साड्या खाटेवर पडलेल्या.



"लाकडी पेटीत लई घरघर हुती, पत्र्यात ती थांबती," ते म्हणाले. "असला जाड पत्रा कुठं मिळतोय?"

मी पाठ फिरवली. त्यांनी घाईनं माइक उचलला. नेहमीसारखं माइक तपासायला हॅलो म्हणतील असं वाटलं. पण छपरावरच्या कर्ण्यातून साऱ्या गल्लीनं ऐकलं, "सुमन, रागावू नको."

त्या काळी नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे. सासूबाईंच्या हातातलं पीठ परातीबाहेर सांडलं.

ट्रंकेचं वाईट अजूनही वाटतं. पण एवढ्या मोठ्यानं माझं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही, त्यांनीसुद्धा.