ठाव न्हाई डॉक्टर

"मला माहीत नाही" हे वाक्य न लाजता म्हणणारा डॉक्टर मी एकच पाहिला. नव्वदीच्या दशकात केडगाव स्टेशनजवळ त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. लोक माघारी त्यांना 'ठाव न्हाई डॉक्टर' म्हणत, आणि तरी त्यांच्याच दारात रांग लावत. मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी, तीन करडांवर धंदा उभा केलेला. समोरचा खोटं बोलतोय हे मला त्याच्या चालीवरून कळतं. हा माणूस मात्र माझ्या हिशेबात कधी बसला नाही.

त्यांच्याकडे गेलो पोटातल्या जळजळीपायी. घरचे म्हणायचे, तुझ्या रागानं पित्त खवळतं. डॉक्टरांनी पुण्याला पाठवून दुर्बिणीनं पोट तपासून घेतलं. जठरात जखम होती आणि जंतूही सापडला. "राग तुमचा तुमच्यापाशी," ते म्हणाले, "ही जखम जंतूची आहे." चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी बरं वाटलं, तसा मी उरलेल्या माफ करा म्हणायला गेलो. "शेठ, जंतूशी घासाघीस चालत नाही," एवढंच बोलून त्यांनी पुढचा पेशंट आत घेतला.

दुपारी दवाखाना रिकामा झाला की ते इंग्रजी मासिकं वाचत, पेन्सिलीनं रेघा मारत. एकदा वाचता वाचता सहज म्हणाले की, पोटातल्या याच जंतूचा हृदयविकाराशी संबंध असावा असा काही संशोधकांना संशय आहे. मी खुर्चीतून उठलोच.

कारण माझे वडील, आबा. पोटातल्या जळजळीवर खाण्याचा सोडा चिमटीनं तोंडात टाकत त्यांचा जन्म गेला. एका सकाळी मेंढ्या विकण्यावरून माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. दहाव्याला वडगाव रासाईत, भीमेच्या काठी, पिंडाला कावळा शिवेना. तेव्हा थोरले दादा सगळ्या भावकीसमोर मला म्हणाले, "तू बाजूला हो. तुझ्याच तोंडानं गेलं आबा." मी बाजूला झालो, आणि कावळा शिवला. त्यानंतर सहा वर्षं मी दादांचा उंबरा ओलांडला नव्हता.

म्हणून डॉक्टरांना म्हणालो, "आबा जंतूनं गेलं, एवढं लिहून द्या."

"ते मला माहीत नाही."

"मग 'गेलं आसतील' लिवा."

"तेही नाही."

मी खांद्यावरचा टॉवेल हातावर पसरून पुढे केला. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून ठरवतात. डॉक्टरांनी खरंच हात आत घातला. वाटलं, जमलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजली.

"फार पळतेय. बसा."

मग ते सावकाश बोलले. आबांना त्यांनी कधी तपासलं नव्हतं. जंतू होता की नाही, ठाऊक नाही. असला तरी तो हृदयाला बाधतो का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. भांडणानंही कळ येऊ शकते. "पण त्या दिवशी तशीच आली का, हे मला सांगता येत नाही. तुमच्या दादांनाही नाही." आणि त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: 'यांचे वडील कशाने गेले, मला माहीत नाही.' खाली सही केली, शिक्का मारला.

मी रागानं नमस्कारही न करता निघालो. चिठ्ठी मात्र टाकवली नाही, दोन वर्षं खिशात राहिली.

डॉक्टर अचानक वारले. स्मशानात प्रत्येकाकडे त्यांच्या मरणाचं एकेक कारण तयार होतं. कुणी दगदग म्हणालं, कुणी जागरण. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ठाव न्हाई." बाजारात हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. त्या माणसानं तो रोज, रांगेसमोर, कसा उच्चारला असेल?

तिथून मी थेट दादांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. चिठ्ठी हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली.

"खरंय," शेवटी ते म्हणाले. "मलाबी ठाव न्हाई." आणि ओट्यावर जरा सरकून त्यांनी मला जागा केली.