उजवीकडून उघडायचं पुस्तक

कपाट आवरताना भावजयीनं एक जाडजूड पुस्तक रद्दीच्या ढिगावर टाकलं. मी ते झडप घालून उचललं. जुन्या कागदाचा वास नाकात गेला आणि मी कित्येक वर्षं मागे, शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर, माझ्या मैत्रिणीला, शबानाला खेटून बसले.

ती जपानी मुलींची चित्रकथा होती, मांगा. त्याच सकाळी रद्दीवाल्याकडे मिळालेली. अक्षर एकही कळत नव्हतं, आम्ही नुसती चित्रं बघत होतो. सुरुवातीला केस कापलेली मुलगी घोड्यावर होती. शेवटी तीच, लांब केसांची, नवरीच्या पोशाखात, टपोऱ्या डोळ्यांत पाणी. संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. आईनं पानं चाळली आणि खूश झाली. "बघ, कितीबी उंडारली तरी शेवटी बोहल्यावर चढलीच की!"

शबाना उर्दू शाळेत शिकलेली. ती एकदम ओरडली, "काकू, उलटं बघताय! आमची पुस्तकं उजवीकडनं उघडत्यात, हे बी तसलंच हाय!"

तिनं पुस्तक फिरवलं. आता नवरी उठली, तिनं कात्री घेतली, केस कापले आणि घोड्यावर बसून निघून गेली. आईचा चेहरा उतरला. मला मात्र असलं हसू फुटलं की आवरेना. संध्याकाळी मी पाहुण्यांसमोर गेलेच नाही.

"वन्सं, असलं वाचूनच शेवटी एकट्या राहिलासा न्हवं?" भावजय म्हणाली.

मी पुस्तक उजवीकडून उघडून तिच्या मांडीवर ठेवलं.

"हितनं वाच."